४८ शनिवार: हिपॅटायटिस बी, इंटरफेरॉन आणि चोपडा तालुक्यातलं एक घर

हे अभ्यासासाठी बांधलेलं नमुना प्रकरण आहे. यातली बाई आणि तिचा भाऊ म्हणजे कोणी ठरावीक माणसं नव्हेत. औषधाचे नियम, डोस आणि तपासण्यांच्या मर्यादा मात्र प्रत्यक्ष उपचारात वापरतात त्याच आहेत. तिचे तपासणीचे आकडे त्या नियमांचा अर्थ कळावा म्हणून मांडले आहेत.

वय २७, वजन ५१ किलो, घरी शिलाईकाम, नवरा केळीच्या पॅकिंगवर. चार वर्षांची एक मुलगी. त्या बाळंतपणाच्या वेळी गरोदरपणातल्या नेहमीच्या रक्ततपासणीत एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूची रक्तातली खूण) पॉझिटिव्ह आलं होतं. बाळाला जन्मल्यावर लगेच हिपॅटायटिस बीची लस मिळाली, इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांची सुई, मिळालं नाही. आईच्या कार्डावर लाल शाईने एक शब्द लिहिला गेला आणि विषय तिथेच थांबला. काही दुखत नव्हतं, डोळे पिवळे नव्हते, मग दवाखान्यात कशाला जायचं? दुसऱ्या मुलाचा विचार सुरू झाला तेव्हा ते जुनं कार्ड पुन्हा बाहेर आलं.

पृष्ठभागाचा अँटिजेन, म्हणजे एचबीएसएजी, सहा महिन्यांहून जास्त काळ रक्तात राहिला तर आजार दीर्घकालीन धरतात. तिच्या बाबतीत चार वर्षं झालीच होती, आणि लागण बहुधा त्याच्याही कितीतरी आधीची. तिची आई पॉझिटिव्ह निघाली, भाऊही निघाला. अशा घरात संसर्ग बहुतेकदा जन्माच्या वेळी आईकडून मुलाला झालेला असतो. तान्हेपणी लागण झाली तर सुमारे ९५ टक्के मुलांत विषाणू कायमचा मुक्काम करतो. मोठ्या माणसाला लागण झाली तर हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी. नवऱ्याने तुझ्याकडे आजार आणला की तू माहेरून आणलास, हा वाद घरात सुरू होण्याआधीच हे समजावून सांगावं लागतं. सांगितलं नाही तर उपचार सुरू होण्याआधीच संसार मोडायला लागतो.

मुलगी निगेटिव्ह होती आणि तिच्या अंगात लसीची प्रतिकारशक्ती पुरेशी होती. नवरा निगेटिव्ह, लस कधीच घेतलेली नव्हती. त्याला ०, १ आणि ६ महिने अशा तीन मात्रा सुरू केल्या. सासूबाईंचीही तपासणी झाली.

सुरुवातीचे आकडे

एसजीपीटी (यकृताच्या पेशींतलं एन्झाइम, दाह झाला की रक्तात वाढतं) १२८ आणि तीन महिन्यांपूर्वी ११२. प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४०. म्हणजे यकृताचा दाह एखाद्या दिवसाचा नाही, टिकून असलेला. एसजीओटी, असंच दुसरं एन्झाइम, ८६. बिलिरुबिन ०.८, अल्ब्युमिन ४.२, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) १.०. प्लेटलेट २ लाख १० हजार, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ३,९००. हिमोग्लोबिन १०.९, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात सिकलसेल आढळतो, म्हणून ती चाचणीही केली, निगेटिव्ह आली. एचबीईएजी, म्हणजे विषाणूचा ई-अँटिजेन, पॉझिटिव्ह. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, मिलिलिटरला ४६ लाख युनिट. एचबीएसएजीचं मोजमाप १४,२००. विषाणूचा जनुकप्रकार ए. एचआयव्ही, हिपॅटायटिस सी आणि डी निगेटिव्ह. फायब्रोस्कॅन (यकृताचा घट्टपणा मोजणारी चाचणी) ६.८ किलोपास्कल, सोनोग्राफीत यकृत आणि प्लीहा ठीक.

एपीआरआय हा सोपा निर्देशांक तालुक्याच्या दवाखान्यातही काढता येतो. एसजीओटीला तिच्या वरच्या मर्यादेने भागायचं, आलेल्या आकड्याला हजारांत मोजलेल्या प्लेटलेटने भागायचं आणि १०० ने गुणायचं. इथे ८६ भागिले ४० म्हणजे २.१५, त्याला २१० ने भागून १०० ने गुणलं की १.०२. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या तत्त्वांत ०.५ च्या वरचा एपीआरआय किंवा ७ च्या वरचा फायब्रोस्कॅन लक्षणीय घट्टपणाकडे बोट दाखवतो. इथे दोन चाचण्या दोन गोष्टी सांगतात. एसजीओटी दाहामुळे वाढलेलं असलं की एपीआरआय फुगतो, म्हणून फायब्रोस्कॅनला जास्त वजन दिलं. उपचाराची गरज मात्र व्हायरल लोड २,००० च्या कितीतरी वर आणि एसजीपीटी चढलेलं, एवढ्यावरच ठरलेली होती.

गोळी की सुई

सर्वात सरळ रस्ता टेनोफोव्हिरची रोजची एक गोळी. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात, जो २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला, ती मोफत मिळते. गरोदरपणातही चालते. जागतिक आरोग्य संघटना टेनोफोव्हिर आणि एन्टेकाव्हिरलाच पहिली पसंती देते आणि ते योग्यच आहे. खान्देशातल्या बहुतेक रुग्णांनी हीच गोळी घ्यावी असं आमचंही मत आहे. तिची अडचण एकच: ती कधी थांबवायची हे सांगता येत नाही. वर्षानुवर्षं चालते, आणि मनाने बंद केली की विषाणू उसळतो, कधी कधी जिवावर बेतेल इतका.

पेगिलेटेड इंटरफेरॉनची गोष्ट उलट. आठवड्याला एक सुई, ४८ आठवडे, मग बंद. ते विषाणूला थेट फारसं मारत नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीला त्याच्या मागे लावतं. ते सगळ्यांना लागू पडत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, त्याचा अल्फा-२ए हा प्रकार एकट्याने दिल्यावर आणि उपचार संपून २४ आठवडे झाल्यावर ३२ टक्के रुग्णांत ई-अँटिजेन जाऊन त्याचं प्रतिपिंड आलं. पृष्ठभागाचा अँटिजेन जाण्याचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपासच राहिलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत, अल्फा-२बी या भावंडाने, ई-अँटिजेन जाण्याचं प्रमाण जनुकप्रकार ए मध्ये ४७ टक्के आणि डी मध्ये २५ टक्के दिसलं. भारतात ए आणि डी हेच दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात, म्हणून जनुकप्रकाराची चाचणी महाग असली तरी इंटरफेरॉनचा विचार असेल तर टाळू नये. डी निघाला असता तर हे प्रकरण इथेच संपून गोळीकडे वळलं असतं.

तिच्या बाजूने चार गोष्टी होत्या: तरुण वय, मर्यादेच्या तिप्पट एसजीपीटी, फार चढलेला नसलेला व्हायरल लोड, जनुकप्रकार ए. विरुद्ध बाजूला खर्च होता, कारण कार्यक्रमात ही सुई मोफत नाही आणि ४८ सुयांचा हिशेब लाखांत जातो. शिवाय पूर्ण उपचारात आणि नंतर काही महिने गरोदर राहायचं नाही ही अट. सासरच्या माणसांना दीड वर्ष थांबणं जड वाटलं. नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं, "दादा, गोळीवर ठेवलं तर मूल आधी होईल, औषध मात्र किती वर्षं चालेल सांगता येणार नाही. सुईवर ठेवलं तर मूल उशिरा होईल आणि औषध संपण्याची शक्यता साधारण निम्मी. निम्मीच, ताई, पूर्ण नाही." दोघांनी आठवडाभर विचार केला आणि सुई निवडली. तांबी बसवून घेतली.

सुरू करण्याआधी अजून पाहिलं ते असं: टीएसएच (थायरॉइडची चाचणी) २.४, कारण इंटरफेरॉन थायरॉइड बिघडवतं. स्वप्रतिकार यकृतदाहाच्या (प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते त्या आजाराच्या) खुणा नाहीत. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी ठीक. फेफऱ्याचा इतिहास नाही. पूर्वी कधी मनाचा आजार, घरात कोणाची आत्महत्या, हे थेट विचारलं. पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची यादी मराठीत वाचून घेतली, गुण ३ आले. गर्भतपासणी निगेटिव्ह.

शनिवार का

सुई दर शनिवारी रात्री नऊला ठरवली. पहिल्या सुयांनंतर सहा-आठ तासांत थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं. रात्री दिली की ताप झोपेत उतरतो आणि रविवार विश्रांतीला राहतो. याशिवायचा एक फायदा आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. वार पक्का असला की पुढचं प्रत्येक दुखणं त्या वाराशी ताडून पाहता येतं. तिच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर शनिवारी गोल आणि ताप आला त्या दिवशी फुली, एवढंच लिहायचं ठरलं. पुढे सातव्या महिन्यात या फुलीने मोठा घोटाळा टाळला.

औषध १८० मायक्रोग्रॅमची अर्ध्या मिलिलिटरची भरलेली सिरिंज. जळगावहून एका वेळी चार आणायच्या, थर्मासच्या डब्यात, जेलचे थंड पॅक टॉवेलमध्ये गुंडाळून. पॅक सिरिंजला टेकला नाही पाहिजे. साठवण २ ते ८ अंशांत, गोठवायचं नाही, हलवायचं नाही, उजेडात ठेवायचं नाही. घरचा फ्रीज एकदारी होता. अशा फ्रीजमध्ये मागच्या भिंतीला बर्फ धरतो आणि दारातल्या कप्प्यात वीज गेली की आधी तापतं. म्हणून मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला, प्लास्टिकच्या डब्यात, सोबत शंभर-दीडशे रुपयांचं डिजिटल थर्मामीटर. एप्रिल-मेमध्ये वीज गेली तर दार उघडायचं नाही, हा घरातल्या सगळ्यांसाठी नियम. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींचा आयएलआर हा खास फ्रीज असतो, तिथे ठेवू का, असं नवऱ्याने विचारलं. तो फक्त लसींसाठी असतो, बाहेरचं औषध त्यात ठेवायला परवानगी नाही.

टोचण्याआधी सिरिंज बाहेर काढून काही मिनिटं तळव्यात धरायची. द्रव गढूळ किंवा कण दिसले तर टोचायची नाही. जागा मांडी किंवा पोट, बेंबीपासून दोन इंच सोडून, दर वेळी जागा बदलायची. एक तास आधी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दिवसभरात दोन ग्रॅमच्या वर नाही. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत, आणि बरणी भरली की दवाखान्यात परत. हा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहतो, त्यामुळे उकिरड्यावरची सुई कचरा वेचणाऱ्याला लागली तर आजार पुढे जातो.

सहाव्या आठवड्यात एक सिरिंज मागच्या भिंतीला सरकली आणि गोठली. ती वितळवून वापरली नाही, आणि वापरूही नये. प्रथिनाच्या गुठळ्या होतात, ताकद जाते आणि शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं. नवी सिरिंज सोमवारी आली. दोन दिवसांपर्यंतचा उशीर झाला तर आठवेल तेव्हा घ्यायची आणि पुढची सुई ठरलेल्या वारीच घ्यायची, असा नियम आहे. शनिवार कायम राहिला.

पहिले १२ आठवडे

तिसऱ्या आठवड्यात रविवारी ताप उतरेना म्हणून तिने गावात "तापाची सुई आणि सलाईन" घेतलं. कागद मागितला तेव्हा त्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिसलं. एका मात्रेने सगळं बिघडत नाही. पण स्टेरॉइड हिपॅटायटिस बीचा विषाणू वाढवतं आणि ज्या प्रतिकारशक्तीला जागं करायला इंटरफेरॉन देतो तिलाच झोपवतं. पाय दुखतात, ताप आहे, खोकला आहे, सगळ्यावर स्टेरॉइडची सुई देण्याची सवय आपल्याकडे फार रुजली आहे. त्या दिवशी तिच्यासाठी कडक कागदाचं एक कार्ड बनवलं आणि पर्समध्ये ठेवायला दिलं. त्यावर मराठीत: इंटरफेरॉन चालू, स्टेरॉइड नको, डायक्लोफेनॅक-निमेसुलाइड नको, तापाला फक्त पॅरासिटामॉल, ताप शनिवार-रविवार सोडून आला तर आधी रक्त तपासा.

रक्ततपासणी १, २, ४ आठवड्यांनी आणि मग दर चार आठवड्यांनी. चौथ्या आठवड्यात न्यूट्रोफिल १,४०० आणि प्लेटलेट १ लाख ३५ हजार. इंटरफेरॉन मज्जेवर दाब आणतं, हे अपेक्षितच. आठव्या आठवड्यात न्यूट्रोफिल ७१०. ७५० च्या खाली गेलं की डोस १३५ करायचा, ५०० च्या खाली गेलं की थांबवायचं आणि १,००० च्या वर आल्यावर ९० ने परत सुरू करायचं. प्लेटलेटसाठी ५०,००० च्या खाली ९० मायक्रोग्रॅम आणि २५,००० च्या खाली बंद. डोस १३५ केला. घाबरून पूर्ण बंद करणं ही इथली नेहमीची चूक. पांढऱ्या पेशी कमी म्हटलं की दोन आठवडे सुई नाही, मग परत सुरू, परत बंद, आणि शेवटी उपचार वाया.

बाराव्या आठवड्याची तपासणी म्हणजे या उपचाराचा खरा नाका. एचबीएसएजी मोजायचं. जनुकप्रकार ए किंवा डी असेल आणि १२ आठवड्यांत त्यात अजिबात घट नसेल, तर पुढे चालवून फायदा होण्याची शक्यता इतकी कमी असते की सुई बंद करून गोळी सुरू करावी. बी आणि सी प्रकारांत २०,००० च्या वर राहिलं तर बंद. तिचं १४,२०० वरून ६,१०० वर आलं. व्हायरल लोड ४६ लाखांवरून ८२ हजारांवर. पुढे चालू ठेवायचं ठरलं. हा हिशेब मोजूनच करावा लागतो, चेहऱ्यावरून कळत नाही. अनेक रुग्ण या टप्प्यावर सर्वात थकलेले दिसतात आणि तरी आकडे चांगले असतात.

एसजीपीटी ३६८

बाराव्या आठवड्यात एसजीपीटी २४८ होतं, चौदाव्यात ३६८. मे महिना, उन्हाने अंगाची काहिली, तोंडाला चव नाही, वजन ४७ किलो. सासूबाई म्हणाल्या, "सुनले कावीळ व्हयनी." नाकात रस टाकून कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायचं ठरत होतं.

डोळे पिवळे नव्हते. बिलिरुबिन १.२, आयएनआर १.१, अल्ब्युमिन ४.०. म्हणजे यकृताचं काम शाबूत, आणि विषाणू उतरत असताना एसजीपीटी चढतंय. याला प्रतिकारशक्तीने चालवलेली लढाई समजतात: विषाणू बसलेल्या पेशी मारल्या जात आहेत आणि त्यांचं एन्झाइम रक्तात सांडतंय. उपचार लागू पडण्याआधी अशी उसळी अनेकदा येते. उलट विषाणू चढतोय आणि एसजीपीटीही चढतंय, तर ते वाईट लक्षण.

मर्यादेच्या पाचपट पुढे गेलं की डोस कमी करावा किंवा थोडा थांबवावा आणि वारंवार तपासावं, अशी सूचना आहे. दहापटीच्या वर बंद करण्याचा विचार. तिचं सव्वानऊपट होतं आणि डोस आधीच १३५ वर होता. त्या पांढऱ्या पेशींमुळे झालेल्या कपातीला इथे वेगळाच उपयोग झाला. १८० वर परत नेण्याची घाई केली नाही. दर आठवड्याला रक्त, आणि कागदावर चार मर्यादा लिहून दिल्या: बिलिरुबिन २ च्या वर, आयएनआर १.५ च्या वर, एसजीपीटी ४०० च्या वर, किंवा झोपाळूपणा, पोट फुगणं, पायावर सूज. यातलं एकही झालं तर पुढची सुई नाही, लगेच दवाखाना.

सासूबाईंना झाडपाल्याच्या विरोधात भाषण दिलं नाही. त्यांना एवढंच सांगितलं: "आक्का, आत्ता एसजीपीटी आमच्या सुईने चढलंय हे आम्हाला माहीत आहे. दुसरं औषध पोटात किंवा नाकात गेलं तर पुढच्या आठवड्याचा आकडा कशामुळे चढला हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि मग सुई बंद करावी लागेल." ते त्यांना पटलं. तेल-हळद बंद करून नुसत्या उकडलेल्या भाज्यांवर ठेवण्याचा घरचा बेतही मोडून काढला. कळण्याची भाकरी, वरण, अंडी, दही, शेंगदाणे, घरचं नेहमीचं जेवण, थोडं थोडं पाच वेळा. वजन घटत असताना पथ्य वाढवलं की माणूस आजारापेक्षा उपासानेच खचतो.

सोळाव्या आठवड्यात २९०, अठराव्यात १६०, विसाव्यात ७४. न्यूट्रोफिल १,२५०. डोस पुन्हा १८०. चोविसाव्या आठवड्यात एचबीएसएजी १,२४०, व्हायरल लोड ३,१००. या टप्प्याला कोणत्याही जनुकप्रकारात ते २०,००० च्या वर असतं तर थांबवावं लागलं असतं. १,५०० च्या खाली येणं ही चांगली खूण.

बुधवारची फुली

२७ वा आठवडा, ऑगस्ट. ताप १०२, डोळ्यांच्या मागे दुखणं, सांधे धरलेले. प्लेटलेट ५८,०००. जवळच्या दवाखान्यात "इंटरफेरॉनचा परिणाम" म्हणून परत पाठवलं. दिनदर्शिकेवर फुली बुधवारी होती. इंटरफेरॉनचा ताप सुईनंतर काही तासांत येतो आणि दिवस-दोन दिवसांत उतरतो. त्यात सहा महिन्यांनंतर शरीर सरावलेलं असतं, बऱ्याच रुग्णांना तोवर ताप येतही नाही. बुधवारचा ताप शनिवारच्या सुईचा नव्हे. एनएस१ चाचणी केली, डेंग्यू निघाला.

नियमाप्रमाणे ५८,००० वर इंटरफेरॉन थांबवायची गरज नसते. पण तो नियम इंटरफेरॉनमुळे हळूहळू उतरणाऱ्या प्लेटलेटसाठी आहे. डेंग्यूत त्या झपाट्याने पडतात. म्हणून सुई थांबवली. सहाव्या दिवशी ४१,०००, रक्तस्राव नाही. पाणी, ओआरएस, पॅरासिटामॉल, बाकी काही नाही. दोन शनिवार सुटले, प्लेटलेट १ लाखाच्या वर आल्यावर पुन्हा सुरू. राहिलेल्या दोन सुया शेवटी वाढवल्या नाहीत. एकूण ४६ सुया झाल्या.

रात्री जागणं

३२ व्या आठवड्यात नवऱ्याने हळूच सांगितलं की ती मुलीवर ओरडते, रात्री दोनला उठून बसते, मशीनवर कापड तसंच पडून असतं. तिने स्वतः एवढंच म्हटलं: "काही गोड लागत नाही." पीएचक्यू-९ चे गुण ३ वरून ११. नववा प्रश्न, जीव नकोसा वाटण्याचा, एकटीला बसवून विचारला. नकार आला. इंटरफेरॉनचं नैराश्य आळस किंवा नखरा म्हणून सोडून द्यायची गोष्ट नव्हे. या औषधावर असताना लोकांनी जीव दिलेले आहेत, म्हणून हा प्रश्न दर भेटीत विचारायचाच.

टीएसएच ३.६, म्हणजे थायरॉइड कारण नाही. मनोविकारतज्ज्ञांनी एसिटालोप्राम सुरू केलं, आधी ५ आणि मग १० मिलिग्रॅम. या गटातल्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, म्हणून प्लेटलेटवर लक्ष ठेवलं, १ लाख १० हजार होत्या. टेली मानस या सरकारी मानसिक मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक नवऱ्याच्या फोनमध्ये भरून दिला. सहा आठवड्यांनी गुण ५. केस गळत होते, ते उपचार संपल्यावर परत येतात हे सांगितलं होतं तरी तिला त्याचं दुःख तापापेक्षा जास्त होतं. त्याची नोंद इथे मुद्दाम करतो, कारण फाइलमध्ये ती कुठेच येत नाही.

हाती काय आलं

३६ व्या आठवड्यात ई-अँटिजेन गेला. ४८ व्या आठवड्यात ई-प्रतिपिंड पॉझिटिव्ह, व्हायरल लोड ६४०, एचबीएसएजी ४१०, एसजीपीटी ३४. यशाचा निकाल त्या दिवशी लावत नाहीत. सुई बंद झाल्यावर विषाणू परत उसळू शकतो, म्हणून पहिले तीन महिने दर महिन्याला एसजीपीटी आणि मग ७२ व्या आठवड्याला पूर्ण तपासणी. तेव्हा ई-अँटिजेन निगेटिव्हच, प्रतिपिंड टिकलेलं, व्हायरल लोड ४८०, एचबीएसएजी २६५, एसजीपीटी २४. मनाची गोळी तज्ज्ञांनी हळूहळू कमी करून थांबवली. वजन ५० किलो.

सासूबाईंनी विचारलं, "बरी व्हयनी का?" खरं उत्तर असं: आजार शांत झाला आहे, गेलेला नाही. विषाणूचा जनुकीय साचा यकृताच्या पेशींच्या केंद्रकात दडून राहतो आणि आजच्या कोणत्याही औषधाने तो पुसला जात नाही. दर सहा महिन्यांनी एसजीपीटी, वर्षातून एकदा व्हायरल लोड. पुढे कधी केमोथेरपी, जास्त दिवस स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यायची वेळ आली तर आधी हे कार्ड दाखवायचं, नाहीतर दडलेला विषाणू उठतो.

त्याच घरातला भाऊ

वय ३४, रोजची दारू, प्लेटलेट ९६,०००, फायब्रोस्कॅन १५, प्लीहा वाढलेली. बहिणीला सुईने गुण आला म्हणून तीच सुई मला द्या, पैसे उभे करतो, असं तो म्हणत होता. त्याच्या यकृतात सिरॉसिस (यकृत चट्ट्यांनी घट्ट होणं) सुरू झालेला होता. बहिणीला आली तशी उसळी त्याला आली असती तर त्या यकृताजवळ ती सोसायला शिल्लक फार थोडी होती, पोटात पाणी आणि रक्ताच्या उलटीपर्यंत गोष्ट गेली असती. त्याला टेनोफोव्हिर, मोफत, आयुष्यभर. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कारण सिरॉसिसमध्ये यकृताच्या कर्करोगाचा धोका गोळी चालू असतानाही पूर्ण जात नाही. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहण्यासाठी दुर्बीण. आणि दारू पूर्ण बंद. मोफतची गोळी म्हणजे कमी प्रतीची, ही त्याची समजूत काढायला तीन भेटी लागल्या. त्याच्यासाठी तीच गोळी चांगली होती, सुई नव्हे.

दुसरं बाळंतपण

७२ व्या आठवड्यानंतर तांबी काढली. पुढे दिवस राहिले तेव्हा व्हायरल लोड ९००. २ लाखांच्या वर असता तर २८ व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर द्यावं लागलं असतं, बाळाला लागण होऊ नये म्हणून. ती गरज पडली नाही. सातव्या महिन्यातच बाळंतपणाच्या दवाखान्याला लेखी कळवलं की हिपॅटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन आणून ठेवावं, कारण ते ऐन वेळी लहान गावात मिळत नाही. कार्यक्रमात पॉझिटिव्ह आईच्या बाळासाठी त्याची तरतूद आहे, मागणी मात्र आधी जावी लागते.

बाळाला जन्मल्यापासून १२ तासांच्या आत एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन १०० युनिट. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच रोगांवरची लस, त्यात हिपॅटायटिस बीचीही. अंगावर पाजायला हरकत नाही. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत आईचं एसजीपीटी चढू शकतं, म्हणून दीड आणि तीन महिन्यांनी तिचं रक्त. बाळाची तपासणी नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान, एचबीएसएजी आणि लसीचं प्रतिपिंड दोन्ही. त्याआधी केली तर जन्मावेळी दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनचंच प्रतिपिंड रक्तात सापडतं आणि लस लागू पडली असा चुकीचा अर्थ निघतो. ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तिने स्वतः गोल करून ठेवली आहे.